२७ वर्षं एकाच गेटातून आत गेलो, आता कुठे जाऊ?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

वय ५२, राहायला पिंपरी-चिंचवडला. मेकॅनिकल डिप्लोमा करून १९९८ मध्ये भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारी कंपनी. लाइन इन्स्पेक्टरपासून क्वालिटीचा डेप्युटी मॅनेजर होईपर्यंत तिथेच राहिलो. मग कंपनीने इथला प्लांट बंद करून काम परराज्यात हलवलं. तिकडे जा, नाहीतर पैसे घेऊन मोकळे व्हा, असं सांगितलं. आई ८० च्या पुढे, मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते अजून सहा वर्षं. पैसे घेतले. त्याला सात महिने झाले.

पोर्टलवर दीडशेच्या आसपास अर्ज केले, बोलावणी आली दोन. पहिली मुलाखत व्हिडिओवर होती, घेणारी एचआरची मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ तिने विचारलं. मी म्हणालो, ‘रिटायर होत आलो असेन.’ पुढे काही कळवलं नाही. दुसऱ्या मुलाखतीत एफएमईएबद्दल विचारलं, म्हणजे काय बिघडू शकतं हे आधीच ओळखून धोका मोजायची पद्धत. मी आरपीएन, म्हणजे त्यातला धोक्याचा आकडा, सांगायला लागलो तर समोरचा पोरगा म्हणाला, ते आता जुनं झालं सर.

आयुष्यभर एका ठिकाणी इमानाने राहिलो, त्याला आता काडीची किंमत नाही. इंग्रजी फाडफाड येत नाही. वशिला कधी लावला नाही आणि या वयात लावणार नाही. बायको म्हणते, मिळेल ते घ्या. मेहुणे म्हणतात, हातात पैसे आहेत तर फ्रँचायझी घ्या. सोसायटीत अजून कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीची बस बंद झाली म्हणून स्कूटरने जातो, असं सांगतो. सोबत रेझ्युमे जोडतोय. माझं काय चुकतंय?

उत्तर

नमस्कार,

आधी त्या पाच वर्षांच्या प्रश्नाचं बघू, कारण तुमचं अर्धं पत्र त्या उत्तरात आलं आहे.

बावन्न वर्षांच्या माणसाला हा प्रश्न विचारणं बावळटपणाचं आहे, हे मला मान्य. पण त्या मुलीपुढे प्रश्नांची यादी असते आणि ती यादी ती बाविशीच्या पोरापासून तुमच्यापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवते. तुमच्या बाबतीत तिला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की हा माणूस कामाला येतोय की विसावायला. तुम्ही प्रामाणिकपणे विसाव्याचं उत्तर दिलंत. खरं तर ५८ ला अजून सहा वर्षं आहेत. क्वालिटीत घेतलेलं पोरगं तीन वर्षं टिकलं तरी आजकाल एचआर खूश असतं. मग असं का सांगू नये: ‘पुढची सहा वर्षं मला एकाच ठिकाणी काढायची आहेत, आणि तेवढ्यात तुमच्या दोन ज्युनिअरना कस्टमर ऑडिट एकट्याने पेलता येईल इतकं तयार करून देईन.’ यात खोटं काहीच नाही.

आता इमानाचं. हे थोडं कठोर वाटेल. तुम्ही ज्या कंपनीशी इमान राखलंत तिच्याशी तुमचा हिशेब पूर्ण झाला आहे. पगार, बढत्या, ग्रॅच्युइटी आणि शेवटचे पैसे या रूपात. तो पुरेसा होता की नाही यावर वाद घालता येईल. पण दुसऱ्या कुणाशी राखलेल्या इमानाचे पैसे नवा मालक देणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. तो पैसे देईल ते २७ वर्षांत तुम्हाला जे करता यायला लागलं त्याचे. आणि नेमकं तेच तुमच्या रेझ्युमेत नाही.

तो रेझ्युमे मी नीट वाचला. २७ वर्षांना एक ओळ मिळाली आहे: ‘क्वालिटी विभागात विविध जबाबदाऱ्या सांभाळल्या.’ त्याखाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद (वाचन, क्रिकेट), आणि तळाला ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. म्हणजे जे कुणी विचारत नाही ते सविस्तर, आणि जे विचारतात ते एका ओळीत. नोकरीचा अर्ज आणि लग्नाचा बायोडेटा यांत आपल्याकडे फारसा फरकच उरलेला नाही. तुमच्या पिढीत हे सगळ्यांचंच होतं, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. पण ही खालची अर्धी बाजू आजच काढून टाका.

मग त्या एका ओळीचे तुकडे करा. पत्रातल्या तुमच्याच माहितीवरून मला त्यात निदान चार नोकऱ्या दिसतात. पहिली काही वर्षं लाइनवर: गेज, फिक्श्चर, रोजचं रिजेक्शन. मग इन्कमिंग आणि सप्लायर, म्हणजे फाउंड्र्या आणि मशीन शॉपमध्ये जाऊन त्यांचा माल सुधारून घेणं. मग कस्टमरची बाजू: नव्या भागाची मंजुरी (पीपीएपी), तक्रारी आणि त्यांचं मूळ कारण शोधणारे ८डी अहवाल, वाहन कंपन्यांचे ऑडिट. आणि शेवटी विभाग चालवणं, माणसं घडवणं, वाहनउद्योगाच्या क्वालिटी मानकात टीएस १६९४९ वरून आयएटीएफ १६९४९ वर जाण्याचं २०१६ नंतरचं सगळं किचकट काम अंगावर घेणं. हीच चार कामं चार कंपन्यांत केली असती तर लोक म्हणाले असते, माणूस चढत गेला. तुम्ही ती एकाच गेटाच्या आत केलीत म्हणून बाहेरच्याला एकच नोकरी दिसते. वर्षांसकट चार वेगळ्या नोंदी लिहा, प्रत्येकीखाली तीन-चार ओळी, आणि प्रत्येक ओळीत आकडा. किती सप्लायर सांभाळले, कस्टमरकडचं पीपीएम (दर दहा लाखांत किती भाग खराब) कुठून कुठे आणलं, हाताखाली किती माणसं होती. आकडे नक्की आठवत नसतील तर जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारा, अंदाजाने फुगवू नका. क्वालिटीतला माणूस मुलाखतीत पीपीएमच्या आकड्यावर अडकला तर तिथेच संपतं. आणि हो, कंपनीची ड्रॉइंग किंवा कस्टमरची कागदपत्रं ‘कामाचा नमुना’ म्हणून कुठे दाखवू नका. घेणारा मनात नोंद करतो, की हा उद्या आमचीही दाखवेल.

तुमचा हुद्दा ‘इन्चार्ज, क्यूए, ग्रेड एम-३’ असा लिहिलाय. हा ग्रेड तुमच्या कंपनीबाहेर कुणाला कळणार? पोर्टलवर शोधणारा माणूस ‘सप्लायर क्वालिटी’, ‘कस्टमर क्वालिटी’, ‘क्वालिटी मॅनेजर’ असे शब्द टाकून शोधतो. जाहिरातीत जे शब्द आहेत ते तुमच्या कामाला खरोखर लागू होत असतील तर तेच वापरा. मोठ्या कंपन्यांत अर्ज माणसाच्या हाती पडायच्या आधी सॉफ्टवेअरमधून जातो. तुमच्या मुलाने रंगीत दोन कॉलम, फोटो आणि कौशल्यांपुढे चांदण्या लावून दिलेला तो सुंदर साचा त्या सॉफ्टवेअरला बरेचदा धड वाचता येत नाही. साधी वर्डची फाइल, एक कॉलम, दोन पानं. चांदण्यांचा तर मला राग आहे. एफएमईएत पाचपैकी चार चांदण्या म्हणजे नक्की काय येतं?

एफएमईएचं निघालंच आहे तर तेही बोलू. त्या पोराचं बरोबर होतं. २०१९ मध्ये अमेरिकन एआयएजी आणि जर्मन व्हीडीए या दोन संस्थांचं एकत्र हँडबुक आलं आणि तीव्रता गुणिले वारंवारिता गुणिले शोध हा आपला जुना आरपीएन त्यातून गेला. त्याच्या जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली: हाय, मीडियम, लो. आरपीएन १०० च्या वर गेला तर कृती करायची, अशी जी सवय आपल्याकडे पडली होती तिचा दोष जुनाच आहे. तीव्रता १० असलेली गोष्ट गुणाकारात खाली दबून राहू शकते. ब्रेकच्या भागांत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातला धोका समजावून सांगावा लागणार नाही. आजही बऱ्याच कारखान्यांत शीट आरपीएनचीच चालते, त्यामुळे तुम्ही मागे पडलात असं म्हणण्यात अर्थ नाही. तुमच्या कंपनीने ते बदललं नाही आणि तुम्हाला बाहेर डोकावायची गरज पडली नाही, इतकंच. दोन दिवसांचा एक कोर्स आणि घरी थोडा अभ्यास, एवढं ते काम आहे. पुण्यात मराठा चेंबरपासून खाजगी प्रशिक्षकांपर्यंत असे वर्ग होत असतात. सोबत आयएटीएफच्या अंतर्गत ऑडिटरचं प्रमाणपत्र ताजं करून घ्या. सात महिन्यांत काय केलंत, या प्रश्नालाही मग उत्तर तयार होतं.

याहून जास्त कोर्स मात्र करू नका. नोकरी गेलेल्या माणसाला पायथॉन, डेटा सायन्स आणि एआय विकणाऱ्यांची मोठी जत्रा भरलेली आहे. तुमच्या कामाला त्यातलं काही आज लागत नाही. आणि गाड्या इलेक्ट्रिक झाल्या म्हणून घाबरून जाण्याचंही तुम्हाला कारण नाही. पिस्टन आणि सायलेन्सर बनवणाऱ्यांची काळजी मी समजू शकते. ब्रेक मात्र इलेक्ट्रिक गाडीलाही लागतात.

मुलाखतीत आणखी एक गोष्ट सांभाळा. तुमच्या पत्रात जिथे जिथे यशाचं काही आलंय तिथे ‘आमच्या टीमने’ आहे आणि जिथे अपयश आहे तिथे ‘मी’. हे आपल्याकडचे संस्कार, आणि घरात-दारात छानच दिसतात. मुलाखतीत मात्र समोरच्याला टीम नोकरीवर घ्यायची नसते. कस्टमरची लाइन बंद पडायची वेळ आली होती तेव्हा रात्री गोडाऊनमध्ये उभं राहून सॉर्टिंग कुणी करून घेतलं, कारण कुणी शोधलं? तुम्ही असाल तर तसं सांगा. असे चार प्रसंग निवडा. काय बिघडलं होतं, तुम्ही काय केलंत, त्याने काय फरक पडला. ते इंग्रजीत लिहून काढा आणि मोठ्याने म्हणून पाहा, मुलाला समोर बसवून. एवढ्या इंग्रजीवर तुमचं भागेल. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत प्लांट हेड बहुतेक वेळा दुसऱ्या मिनिटाला हिंदीवर किंवा मराठीवर येतो, आणि तुमची खरी परीक्षा तोच घेतो. एचआरपुरतं इंग्रजी पाठ असलं की झालं.

‘तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बॉस चालेल का?’ हा प्रश्नही येणार. ‘हो, चालेल’ एवढं म्हणणं पुरत नाही. तुम्ही याआधी तरुण माणसाकडून काही शिकल्याचं एक खरं उदाहरण द्या. सॅप सॉफ्टवेअरमध्ये तपासणीची नोंद (इन्स्पेक्शन लॉट) टाकायला तुम्हाला कुणी शिकवलं होतं?

आता वशिला. माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतंय, म्हणून यावर जरा थांबते.

तुमची समजूत अशी आहे, की पोर्टलवर अर्ज करणं म्हणजे लायकीवर नोकरी मिळवणं आणि ओळखीच्या माणसाला फोन करणं म्हणजे वशिला. लायक नसलेल्या माणसाला वरून दबाव आणून चिकटवणं म्हणजे वशिला, आणि तो तुम्ही लावला नाहीत याचा आदर आहे. पण ज्या माणसाने वीस वर्षं तुमचं काम पाहिलं आहे त्याला ‘मी सध्या मोकळा आहे, तुमच्याकडे किंवा तुमच्या माहितीत काही असेल तर सांगा’ असं म्हणण्यात दबाव कुठे आला? नवा सप्लायर घेताना तुम्ही काय करत होता? त्याचा कॅटलॉग वाचून ऑर्डर देत होता, की तो आधी ज्यांना माल देतो त्यांच्या क्वालिटीवाल्याला फोन लावत होता? तुम्हाला नोकरी देणारा माणूस तेच करू पाहतोय. पोर्टलवर मात्र तुमच्याबद्दल विचारायला त्याच्याकडे कुणी नाही, म्हणून तो वय बघतो, पगार बघतो आणि पुढे जातो.

अशी माणसं तुमच्याकडे किती आहेत याची तुम्हाला कल्पना नसावी. त्या २७ वर्षांत ज्यांचा माल तुम्ही नाकारला आणि मग सुधारून घेतला ते सगळे सप्लायर. भोसरीतले, कुदळवाडीतले, चाकणचे. तुमचं ऑडिट करायला येणारे वाहन कंपन्यांचे एसक्यूए, म्हणजे सप्लायरची क्वालिटी बघणारे, इंजिनिअर. त्यातले कितीतरी आज दुसरीकडे वरच्या जागेवर असतील. तुमच्या हाताखाली शिकून सोडून गेलेली पोरं, जी आता कुठे ना कुठे मॅनेजर आहेत. कॅलिब्रेशन लॅबवाले, गेज बनवणारे, आयएटीएफचे ऑडिटर. हे लोक तर महिन्याला वीस कारखान्यांत जातात आणि कुठे कोण सोडून चाललंय हे एचआरच्या आधी त्यांना कळतं. यातला सप्लायर गट मी सगळ्यात वर ठेवेन. दीडशे-दोनशे कामगारांचा मशीन शॉप चालवणारा मालक स्वतः सेल्स बघतो, स्वतः बँकेत जातो, आणि कस्टमरचं ऑडिट आलं की त्याची झोप उडते. त्याला तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे, पण त्याने पोर्टलवर जाहिरात टाकलेली नसते. बरेचदा आपल्याला असा माणूस परवडू शकतो हेच त्याच्या डोक्यात आलेलं नसतं.

अडचण एवढीच, की तुमचे बहुतेक संपर्क कंपनीच्या ईमेलमध्ये होते आणि तो आता बंद झाला असणार. जुने फोन, व्हिजिटिंग कार्डांचे डबे, दिवाळीत आलेल्या डायऱ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे कामाचे ग्रुप, सगळं उपसा आणि चाळीस-पन्नास नावांची वही करा. रोज तीन फोन. नोकरी मागायला नव्हे, विचारायला: तुमच्याकडे सध्या कसं चाललंय, चाकण बाजूला कुणाला क्वालिटीत माणूस हवा आहे का, मी मोकळा आहे. दोन मिनिटांत विषय संपवा आणि रेझ्युमे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. कुणी भेटायला बोलावलं तर जा. कुणी टाळलं तर त्याच्या नावापुढे खूण करून पुढचा फोन लावा. माणसं कामात असतात, प्रत्येक वेळी तो अपमान नसतो.

पोर्टल सोडून द्या असं मी म्हणत नाही. दीडशे ठिकाणी एकच रेझ्युमे पाठवण्यापेक्षा आठवड्याला पाच-सहा अर्ज जाहिरात वाचून, शब्द जुळवून करा. नौकरीवरचं प्रोफाइल दर काही दिवसांनी उघडून काहीतरी अद्ययावत करत राहा, कारण शोधणाऱ्याला अलीकडे हालचाल झालेली प्रोफाइलं आधी दिसतात. लिंक्डइनवर फोटो, चार नोंदी आणि जुन्या सहकाऱ्यांशी जोडणी एवढं पुरे. तिथे रोज सुविचार टाकायची गरज नाही. आणि ‘नोटीस पिरियड’च्या रकान्यात ‘तत्काळ’ निवडा. तुम्ही तो रिकामा ठेवलाय, बहुधा संकोचाने. नोकरीत असलेल्या माणसाला बरेचदा दोन-तीन महिन्यांची नोटीस असते, आणि ज्या प्लांट हेडचा क्वालिटी मॅनेजर कालच सोडून गेला त्याला तेवढं थांबायला वेळ नसतो.

कुणी मुलाखतीआधी नोंदणीचे, ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा, ऑफर लेटर मोठ्या कंपनीच्या लेटरहेडवर असलं तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पन्नाशीच्या पुढचे, हातात एकरकमी पैसे आलेले लोक या टोळ्यांना फार आवडतात.

पगाराचं. जुन्या सीटीसीवर अडून राहू नका, पण मिळेल ते घ्या हेही मला पटत नाही. मुलाखतीला जाण्याआधी घरी बसून एक तळाचा आकडा ठरवा, ज्याच्या खाली हो म्हणायचं नाही. तो काढताना लक्षात ठेवा, की तुम्हाला बस, कँटीन, युनिफॉर्म आणि घरच्यांचा मेडिक्लेम कंपनीकडून होता. लहान कंपनीत यातलं बरंचसं नसतं, तेव्हा सीटीसी तेवढाच दिसला तरी हातात कमी पडेल. थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे दुसऱ्याच एजन्सीच्या नावावर, घेणार का, पीएफ किती पगारावर कापणार, हे ऑफर लेटर हातात आल्यावर नाही, आधी विचारा. बायकोचं ‘मिळेल ते घ्या’ तुम्हाला लागलेलं दिसतं. मला वाटतं, ती पगाराबद्दल बोलतच नाहीये. सात महिने तुम्ही सकाळी स्कूटर काढून कुठेतरी जाता आणि संध्याकाळी परत येता, हे ती बघते आहे. तळाचा आकडा तिच्यासोबत बसून काढा.

त्याच बैठकीत हातातल्या पैशांचंही ठरवा. वर्षभराचा घरखर्च आणि हप्ते सगळ्यात आधी बाजूला काढा. सगळी रक्कम कर्जात भरून मोकळं होण्याचा मोह होईल, पण बँकेला दिलेला पैसा अडीअडचणीला परत मागता येत नाही. ग्रॅच्युइटी नीट मिळाली का तपासा: नोकरी २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधी सुटली असेल तर शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ते दोन्ही मिळून ४०,००० असेल तर २७ वर्षांचे सव्वासहा लाखांच्या थोडं आत. पीएफ गरज नसेल तर काढू नका. नवी नोकरी लागली की त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) पुढे चालू करा. पीएफसोबतची ईपीएसची पेन्शन पन्नाशीनंतर लवकर सुरू करता येते हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ती ४ टक्के कमी होते आणि ती कपात कायमची राहते. तीन-चार हजार रुपयांसाठी तो उद्योग आत्ता नको. आरोग्य विम्याचं मात्र आजच बघा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर गेला. स्वतःची पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून जितकी लवकर घ्याल तितकं बरं. ८० पुढच्या आईचा विमा कितपत परवडेल ते बघावं लागेल, पण तुम्हा दोघांचा आणि मुलाचा थांबवू नका.

मेहुण्यांची फ्रँचायझी. तुम्ही कधी गल्ल्यावर बसला आहात? बसला नसाल, तर आधी कुणा ओळखीच्याच्या दुकानात महिनाभर सकाळ-संध्याकाळ बसून बघा आणि मग बोलू. मेहुणे पैसे घालणार आहेत का, हेही एकदा विचारा.

तुमच्या कामातूनच निघणारा आणखी एक रस्ता मला जास्त बरा वाटतो. नोकरी लांबली तर दोन-तीन लहान कारखान्यांकडे आठवड्यातून एक-दोन दिवस जाऊन त्यांची क्वालिटीची कागदपत्रं, ऑडिटची तयारी आणि सप्लायर बघायचे, दरमहा ठरलेल्या रकमेवर. भोसरीत असे मालक तुम्हाला नावानिशी माहीत आहेत. वर्षाला २० लाखांच्या आत असलात तर जीएसटीची नोंदणीही लागत नाही. अशा कामातून पुढे पक्की नोकरी निघते असंही होतं, कारण मालकाने माणूस वापरून पाहिलेला असतो. फक्त पैसे महिन्याच्या महिन्याला घ्या. ‘ऑडिट पास झालं की देतो’ यावर काम करू नका, तुम्हाला या मालकांच्या सवयी माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

आणि सोसायटीत सांगा. सगळ्यांना गोळा करून जाहीर करायची गरज नाही. पार्किंगमध्ये कुणी विचारलं तर ‘आमचा प्लांट हलला, मी दुसरीकडे बघतोय’ इतकं पुरे. पिंपरी-चिंचवडच्या सोसायटीत दर मजल्यावर कुणीतरी चाकण, तळेगाव किंवा रांजणगावला कामाला असतं. सात महिने तुम्ही त्यांच्यापासून जे लपवताय ते त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी स्वतः भोगलेलं आहे किंवा घरात पाहिलेलं आहे.

हे वाचणाऱ्या आणि अजून जुन्याच नोकरीत असलेल्या पंचेचाळिशी-पन्नाशीच्या मंडळींना: कामाचे संपर्क स्वतःच्या फोनमध्ये उतरवून ठेवा, फक्त कंपनीच्या ईमेलवर नको. पीएफ, बँक आणि विम्याला जोडलेला ईमेल कंपनीचा असेल तर याच आठवड्यात बदला. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि बढत्यांची पत्रं घरी एका फाइलीत ठेवा. पुढच्या कंपनीची पडताळणी करणारी माणसं तीच मागतात. स्वतःचा वेगळा आरोग्य विमा नोकरीत असतानाच घ्या. आणि वर्षातून एकदा, गरज नसताना, एखाद्या मुलाखतीला जाऊन या.